हरवलेल्या संवेगाचा हिशोब

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी, दापचरीच्या आसपासच्या पाड्यांवर माणसांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भागात भूकंपमापक बसवले. जमिनीखाली काही किलोमीटरवर खडक नेमका कुठे सरकतोय हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पाहताही येणार नाही. हाती येतात त्या फक्त वेळा. एका ठाण्यावर वेगवान लहर कधी पोचली, तिच्यामागून संथ लहर किती सेकंदांनी आली, दुसऱ्या ठाण्यावर हेच अंतर किती होतं. एवढ्यावरून धक्क्याचं ठिकाण आणि खोली काढता येते. ज्यांनी ते धक्के सोसले त्यांना, न दिसणारी गोष्ट मोजमापातून ओळखता येते हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा, शोध याच जातीचा आहे. त्यात एक अडचण मात्र जास्तीची आहे. भूकंपाची लहर निदान मापकापर्यंत येते. कृष्णद्रव्याचा कण उपकरणातून जाताना बहुधा काहीच मागे ठेवत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल काही जाणून घ्यायचं तर जे दिसलं ते सगळं अचूक मोजायचं आणि बेरजेत कमी काय पडलं ते पाहायचं, हा मुख्य रस्ता उरतो.

असं द्रव्य आहे यावर फारसा वाद नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका त्यांच्या दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरताना आढळल्या. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजले, तेव्हा काठावरचे तारेही मध्याजवळच्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरताना दिसले. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाचा नकाशा काढला आणि आकडे पक्के झाले: विश्वाच्या एकूण ऊर्जेत आपल्या ओळखीचं, अणूंचं द्रव्य सुमारे ५ टक्के आणि कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के, म्हणजे पाचपटीहून अधिक. हे प्रमाण आज एक टक्क्याच्या आसपासच्या अचूकतेने माहीत आहे. ही अचूकता ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कसोटी तिच्यावर उभी आहे.

ते कशाचं बनलंय, हा खरा प्रश्न. गेली चाळीस वर्षं ज्या उत्तरावर सगळ्यात जास्त काम झालं ते सुपरसिमेट्रीचं. १९७४ मध्ये युलियस वेस आणि ब्रुनो झुमिनो यांनी मांडणी केली ती अशी की निसर्गातल्या प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार असावा. इलेक्ट्रॉनसारख्या द्रव्यकणाचा जोडीदार बलवाहक कणांच्या जातीचा आणि फोटॉनसारख्या बलवाहकाचा जोडीदार द्रव्यकणांच्या जातीचा. हे जोडीदार अजून दिसलेले नाहीत, म्हणजे असलेच तर ते जड असणार. या सिद्धांताच्या बहुतेक रूपांत जोडीदार कण विघटित झाला की त्याच्या अपत्यांत एक तरी जोडीदार कण असावाच लागतो. मग सगळ्यांत हलक्या जोडीदाराला विघटित व्हायला वाटच राहत नाही आणि तो कायमचा टिकतो. विद्युतभार नाही, प्रकाशाशी संबंध नाही, वस्तुमान आहे आणि मरण नाही: कृष्णद्रव्याला लागतं ते सगळं त्याच्यापाशी आहे. या उमेदवाराला न्यूट्रलिनो म्हणतात. तो एकजिनसी नसतो. बिनो, विनो आणि दोन हिग्जिनो अशा चार घटकांच्या मिश्रणातून तो होतो, आणि कोणता घटक किती यावर त्याचा स्वभाव ठरतो.

या न्यूट्रलिनोच्या मागे ज्यांनी चिकाटीने काम केलं त्यांत आपल्या रोहिणी गोडबोले यांचं नाव फार वरचं आहे. जन्म १९५२, पुण्यात. शाळा हुजूरपागा, मग सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आयआयटी आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाची डॉक्टरेट. परत येऊन त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, राहिल्या, नंतर मुंबई विद्यापीठात शिकवलं आणि १९९५ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. मानुएल ड्रीस आणि टीआयएफआरचे प्रबीर रॉय यांच्याबरोबर त्यांनी सुपरसिमेट्रीतल्या जोडीदार कणांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ २००४ मध्ये आला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत त्यांची ओळख बहुतेक वेळा ‘विज्ञानातल्या स्त्रियांसाठी झटणाऱ्या’ अशी करून दिली जाते. ते काम मोठं होतंच. पण त्यांचं विज्ञान काय होतं हे सांगायचं राहून जातं, आणि याची मला खंत वाटते. त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ विचारलेला एक प्रश्न साध्या शब्दांत असा सांगता येईल: कृष्णद्रव्याचा कण जर हलका असेल, हिग्ज बोसॉनच्या निम्म्या वस्तुमानाहूनही हलका, तर कण समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे कोलायडरवर, तो कुठे सापडेल?

या प्रश्नाचं वजन कळायला आधी विश्वाच्या सुरुवातीला जावं लागतं. महास्फोटानंतर, सेकंदाचा दहा लाखावा भागही उलटला नव्हता तेव्हा, विश्व इतकं तप्त होतं की न्यूट्रलिनो सतत जन्मत होते आणि एकमेकांवर आदळून नष्ट होत होते. विश्व पसरत आणि निवत गेलं तसं नवे कण जन्मणं थांबलं. नष्ट होणं चालू राहिलं, पण तेही किती काळ? कण विरळ होत गेले तशी दोन न्यूट्रलिनोंची गाठ पडणंच दुर्मिळ झालं आणि उरलेली संख्या गोठली. ते उरलेले कण म्हणजे आजचं कृष्णद्रव्य. इथे एक उलटा संबंध आहे: कण एकमेकांना जितक्या सहज नष्ट करतात, तितके ते कमी उरतात. नष्ट होण्याचा हा वेग कणांच्या वस्तुमानांवर आणि त्यांच्या परस्पर ओढीच्या जोरावर अवलंबून असतो. आणि या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेत मोजता येतात.

कोलायडर आणि कृष्णद्रव्य यांची सांगड या ठिकाणी बसते. कोलायडरवर जोडीदार कणांची वस्तुमानं आणि बलं मोजायची. त्यांवरून असे कण आज विश्वात किती उरायला हवेत याचं गणित करायचं. ते उत्तर प्लँकच्या आकड्याशी ताडून पाहायचं. जुळलं तर जमिनीखालच्या यंत्रात सापडलेला कण आणि दीर्घिकांना बांधून ठेवणारा कण एकच आहे, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. गणिताचं उत्तर जास्त आलं तर सिद्धांतात काहीतरी चुकलंय. कमी आलं तर कृष्णद्रव्य एकाच कणाचं नाही.

ही तुलना टाळता येत नाही, आणि तिचं कारण वर्तमानपत्री बातम्यांत क्वचितच येतं. कोलायडर एकट्याच्या बळावर ‘कृष्णद्रव्य सापडलं’ असं कधीच म्हणू शकणार नाही. टकरीतून निघालेला अदृश्य कण डिटेक्टरच्या बाहेर पडेपर्यंत टिकला, की यंत्राच्या दृष्टीने तो टिकाऊच. दहा मीटर अंतर प्रकाशाच्या वेगाने कापायला सेकंदाचे तेहतीस अब्जांश भाग पुरतात. कृष्णद्रव्याला मात्र १३८० कोटी वर्षं टिकावं लागलंय. या दोन काळांमध्ये एकावर पंचवीस शून्यं इतक्या पटीचा फरक आहे, आणि तो कोणत्याही डिटेक्टरने भरून काढता येण्यासारखा नाही.

आता मोजायचं कसं ते. जीनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात लार्ज हॅड्रॉन कोलायडर आहे. त्यात प्रोटॉनचे झोत समोरासमोर येऊन आदळतात. टक्कर होण्याआधी प्रोटॉन झोताच्या दिशेने धावत असतात, आडव्या दिशेला त्यांना संवेग (मोमेंटम) जवळजवळ नसतो. म्हणून टकरीतून जे जे बाहेर पडेल त्या सगळ्यांच्या आडव्या संवेगांची दिशांसह बेरीज शून्य यायला हवी. एका बाजूला कणांचा जोरदार झोत उडाला आणि समोरची बाजू रिकामी दिसली, तर तिकडे काहीतरी न दिसता निघून गेलं. याला हरवलेला आडवा संवेग म्हणतात. झोताच्या दिशेने असा हिशोब मांडता येत नाही, कारण प्रोटॉनमधला नेमका कोणता क्वार्क किंवा ग्लुऑन किती संवेग घेऊन आदळला ते माहीत नसतं.

तूट खरी आहे की मोजण्यात काही निसटलं, हा प्रयोगातला सगळ्यात कठीण भाग. न्यूट्रिनो हे आधीच ओळखीचे कणही असेच न दिसता जातात, त्यांचा वाटा गणिताने वजा करावा लागतो. पण डिटेक्टरच गळका असला तर सगळंच फसतं. सीएमएस हा इथला एक डिटेक्टर: २१ मीटर लांब, १५ मीटर व्यासाचा, १४,००० टन वजनाचा. त्याच्या मधोमध सुमारे सहा मीटर व्यासाचं अतिसंवाहक चुंबक आहे. प्रोटॉन, पायॉन यांसारख्या कणांची ऊर्जा मोजणारा मुख्य थर या चुंबकाच्या आत बसवावा लागला आणि तिथे जागा अपुरी पडली. फार ऊर्जेच्या कणांचा वर्षाव त्या थरात पुरता शोषला जात नाही, त्याचं शेपूट बाहेर निसटतं. निसटलेली ऊर्जा मोजली नाही तर तीच ‘हरवलेली’ म्हणून नोंदली जाणार आणि कृष्णद्रव्याचा खोटा भास होणार. ते शेपूट पकडण्यासाठी चुंबकाच्या बाहेर आणखी एक थर आहे, चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्यांचा. हा बाहेरचा थर मुंबईच्या टीआयएफआरने आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने बनवला. डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकलने चर्चगेटला उतरलं की कुलाब्याच्या टोकाला ही संस्था आहे. अदृश्य कणांच्या जगभरच्या शोधात मुंबईतल्या हातांचा असा नेमका, नाव घेऊन दाखवता येईल असा वाटा आहे आणि तो शाळा-शाळांतून सांगितला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तूट खरी ठरली तरी वस्तुमान कसं काढणार? पळून गेलेल्या कणाला तर तोलता येत नाही. यासाठी एक सुंदर युक्ती आहे. समजा टकरीत, सगळ्यांत हलक्या न्यूट्रलिनोहून थोडा जड असा दुसऱ्या क्रमांकाचा न्यूट्रलिनो तयार झाला. तो एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) टाकून म्यूऑनच्या जोडीदारात बदलतो, तो जोडीदार दुसरा म्यूऑन टाकून सगळ्यांत हलका न्यूट्रलिनो होतो आणि निघून जातो. हाती राहतात दोन म्यूऑन. त्यांची एकत्रित ऊर्जा आणि संवेग यांवरून त्या जोडीचं वस्तुमान काढायचं, आणि असं हजारो घटनांत करायचं. आलेखात हे आकडे वाढत जातात आणि एका जागी एकदम तुटतात. त्या कड्यापलीकडे एकही खरी घटना नसते, कारण तेवढी ऊर्जा तिथे उपलब्धच नव्हती. कडा कुठे आहे ते तिन्ही जोडीदार कणांची वस्तुमानं मिळून ठरवतात. असे तीन-चार कडे वेगवेगळ्या साखळ्यांतून सापडले, की न पाहिलेल्या कणाचंही वस्तुमान समीकरणांतून बाहेर येतं.

हे सगळं जोडीदार कण सापडल्यावरचं. ते अजून सापडलेले नाहीत. ग्लुऑनचा जोडीदार साध्या गृहीतकांखाली प्रोटॉनच्या दोन हजार पटींहूनही जड असला पाहिजे, एवढं लार्ज हॅड्रॉन कोलायडरने दाखवलंय. त्यावरून ‘सुपरसिमेट्री संपली’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते घाईचं वाटतं. न सापडणं हेही मोजमाप असतं, आणि त्याचा उपयोग कसा करायचा हे गोडबोले यांच्या कामात फार चांगलं दिसतं.

हलक्या न्यूट्रलिनोकडे परत येऊ. तो बहुतांशी बिनो असावा लागतो. इतर घटकांचे विद्युतभारित भाऊबंद तेवढेच हलके असते तर ते याच बोगद्यात आधी, १९८९ ते २०००, चाललेल्या लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरवर दिसले असते. आणि बिनोप्रधान कणांची अडचण अशी की ते एकमेकांना नष्ट करण्यात फार मंद असतात. गणित केलं तर ते आज प्रमाणाबाहेर उरलेले निघतात. सुटका एकाच प्रकारे होते: दोन न्यूट्रलिनोंची मिळून ऊर्जा एखाद्या ओळखीच्या कणाच्या वस्तुमानाशी तंतोतंत जुळली, तर नष्ट होण्याचा वेग एकदम उसळतो. कणांची वस्तुमानं मोजायच्या एककात झेड बोसॉनचं वस्तुमान ९१.१९ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिग्जचं १२५. म्हणजे न्यूट्रलिनो सुमारे ४५ किंवा सुमारे ६२ च्या आसपास असला तरच प्लँकचा आकडा साधतो. एरवी अमर्याद वाटणारा शोध अशा दोन अरुंद जागांवर येतो.

आणि या दोन्ही जागा कोलायडरने आधीच तपासायला घेतल्या होत्या. लेपवरच्या चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड बोसॉन नोंदवले. झेड किती वेगाने विघटित होतो ते मोजायचं, त्यातून दिसणारी सगळी विघटनं वजा करायची, आणि उरेल ते अदृश्य. त्या उरलेल्या भागात तीन जातींचे न्यूट्रिनो बरोबर बसले, चौथ्या कशाला जवळजवळ जागाच राहिली नाही. ही मोजणी इतकी बारीक होती की चंद्राच्या ओढीने भूकवच फुगून २७ किलोमीटरचा घेर एखाद्या मिलिमीटरने बदलतो, त्याचीही दुरुस्ती करावी लागली. जीनिव्हाहून पॅरिसकडे जाणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांचा जमिनीत झिरपणारा प्रवाहही लक्षात घ्यावा लागला. लेपवरच्या एल-थ्री या प्रयोगात टीआयएफआरचा गट होता.

हिग्जची गोष्ट याहून लांबली. २००१ मध्ये, हिग्ज सापडायच्या अकरा वर्षं आधी, गोडबोले यांनी जेनेव्हिएव्ह बेलांजे, फौझी बुजेमा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर हिशोब मांडला: कृष्णद्रव्याचं प्रमाण न बिघडवता हिग्ज न्यूट्रलिनोंच्या अदृश्य जोडीत विघटित होऊ शकेल का? २००३ मध्ये टीआयएफआरचे मनोरंजन गुचैत, कजरी मजुमदार, डी. पी. रॉय, तसंच स्टेफानो मोरेट्टी यांच्याबरोबर त्यांनी असा अदृश्य हिग्ज पकडायची रीत तपासली. हिग्ज झेडबरोबर जन्माला येतो तेव्हा झेडमधून निघालेले दोन लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन, दिसतात आणि समोर नुसती तूट. आज अशा आणि इतर वाटांनी हे मोजलं जातं. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्याच अॅटलास प्रयोगाच्या निष्कर्षानुसार १२५ च्या हिग्जची जास्तीत जास्त ११ टक्क्यांच्या आसपास विघटनं अदृश्य असू शकतात. त्याहून जास्त नाहीत.

या साऱ्याची गोळाबेरीज जुलै २०२३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आली. लेखक पाच: राहुल कुमार बर्मन, जेनेव्हिएव्ह बेलांजे, बिप्लब भट्टाचार्जी, रोहिणी गोडबोले, ऋतजा सेनगुप्ता. हलका न्यूट्रलिनो कृष्णद्रव्य म्हणून बाद झाला का, हाच शोधनिबंधाचा प्रश्न होता. त्यांनी कोलायडरच्या मर्यादांना दुसरी एक मर्यादा जोडली. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, लक्स-झेपलिन हा प्रयोग सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन बसलाय. आपल्या आसपासचं कृष्णद्रव्य झेनॉनच्या अणुकेंद्रकाला कधी धक्का देतं का हे तो पाहतो. जुलै २०२२ च्या त्याच्या पहिल्या निकालात तसा धक्का सापडला नाही.

निबंधाचं उत्तर सिद्धांतातल्या एका संख्येच्या चिन्हावर येऊन ठरलं. हिग्जिनोचं वस्तुमान ठरवणारी ही संख्या ‘म्यू’ या ग्रीक अक्षराने लिहितात. न्यूट्रलिनोची हिग्जशी असलेली ओढ दोन भागांची बनते. म्यू धन असला तर दोन्ही भाग एकमेकांत मिळतात, ऋण असला तर एकमेकांना खातात. ओढ मोठी असली तर झेनॉनला धक्के बसायला हवे होते. ते बसले नाहीत, म्हणून धन चिन्हाची शक्यता जवळपास संपली. ऋण चिन्हाच्या बाजूला मात्र एक फार अरुंद पट्टी शिल्लक आहे, आणि तिच्यात हलके हिग्जिनो असणं भाग आहे. ते २०२२ पासून सुरू झालेल्या कोलायडरच्या तिसऱ्या फेरीच्या आवाक्यात आहेत, तेव्हा ही पट्टी मुद्दाम शोधावी, असं लेखकांनी स्पष्ट म्हटलं. एका बाजूला खाणीतलं झेनॉन, दुसरीकडे टकरी, तिसरीकडे प्लँकचा आकडा. यांतलं कुठलंही एक या निष्कर्षाला पुरेसं नव्हतं.

उद्या त्या पट्टीत काही सापडलंच, तर प्रोटॉनच्या टकरींत वस्तुमानं ढोबळच मिळतील. बारीक मोजणीला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा सरळ रेषेतला कोलायडर हवा, कारण तिथे टकरीची सुरुवातीची ऊर्जा माहीत असते आणि हरवलेल्याचा हिशोब झोताच्या दिशेनेही मांडता येतो. अशा यंत्राचीही एक अडचण ड्रीस आणि गोडबोले यांनीच १९९१ मध्ये दाखवून दिली होती. घट्ट आवळलेल्या झोतांतून फोटॉन सुटतात, ते एकमेकांवर आदळून नको असलेल्या कणांचा पसारा करतात आणि स्वच्छ मोजणी गढूळ होते. तेव्हापासून अशा यंत्रांचे आराखडे करताना हा परिणाम विचारात घेतला जातो.

गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात गेल्या. ऋण म्यूची ती पट्टी अजून पूर्ण तपासून झालेली नाही. तिथे न्यूट्रलिनो असेल तर त्याच्याहून जड हिग्जिनो जोडीने जन्मतील, त्यांतून डब्ल्यू, झेड किंवा हिग्ज बोसॉन बाहेर पडतील, आणि समोरच्या बाजूला आडवा संवेग कमी भरेल.